सहा मिलिमीटरचं दुखणं

रफूकाकूंना धाप लागू लागली तेव्हा त्यांनी पहिला संशय जिन्यावर घेतला. तीस वर्षं एकोणीस पायऱ्या होत्या, त्या अचानक जास्त कशा वाटायला लागल्या म्हणून एक दिवस त्यांनी मोजून पाहिल्या. एकोणीसच भरल्या. मग संशय पिशवीवर गेला, मग चपलांवर, मग हवेवर. सातव्या पायरीवर थांबून पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायचं आणि तेराव्या पायरीवर पुन्हा शोधायचं, अशी युक्ती त्यांनी काढली. शेजारणी म्हणायच्या, "काकू, तुमचं रोजच काहीतरी हरवतं." काकू म्हणायच्या, "हरवत नाही गं, सापडत नाही."

धंद्याने त्या रफू करणाऱ्या. कोटाला सिगरेटने पडलेलं भोक, कसर लागलेला स्वेटर, खुर्चीच्या खिळ्याने ओढलेली पँट, असलं सगळं त्यांच्याकडे यायचं. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, तिथे पुरले नाहीत तर चिंध्यांतून रंगाला रंग जुळवून, धागे उपसायचे आणि एक वर, एक खाली असे विणत भोक बुजवायचं. या कामाची गंमत अशी की ते चांगलं झालं तर झालेलंच दिसत नाही. त्यामुळे काकूंना जन्मात कुणी "वा, काय रफू आहे!" असं म्हटलं नव्हतं. वा म्हणायला रफू दिसावं लागतं, आणि दिसलं तर कुणी वा म्हणत नाही.

या कामाला लागते बारीक सुई, धीर आणि दिवसाचा उजेड. सुई होती. धीर तर पिंपभर होता. उजेड मात्र नऊ वर्षांपासून थोरल्या जाऊबाईंच्या ताब्यात होता.

घरात खोल्या तीन, पण कापडाचा खरा रंग दाखवणारी खिडकी एकच, पुढच्या खोलीतली. तिच्याखाली हातांची रुंद खुर्ची. ती जागा पूर्वी काकूंची होती. नऊ वर्षांपूर्वी थोरल्या जाऊबाईंच्या हृदयाची झडप बदलावी लागली. छाती उघडून, बरगड्यांमधलं हाड कापून, पुन्हा तारांनी बांधून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं. त्यांनी आराम किती दिवस करायचा यावरून घरात वाद सुरू झाला आणि तो मिटवला काकूंच्या नवऱ्याने.

काकूंचा नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. बत्तीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन खोटी मापं पकडली. निवृत्त झाल्यावर पकडायला घरच उरलं. सगळी गल्ली त्यांना मापसाहेब म्हणायची, आणि तो आपला मान आहे असं त्यांना वाटायचं. मापसाहेबांनी नियम केला: छेदाच्या दर सेंटीमीटरला एक महिना आराम, आणि घरात ज्याचं माप मोठं, त्याची खिडकी. हा नियम त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

मोजायचं काम काकूंवर आलं, कारण दिराने वहिनीची छाती मोजणं बरं दिसलं नसतं. काकूंनी आपली कापडी टेप लावली. बावीस सेंटीमीटर भरले. पण हात पडला शिवणकामाचा. त्यांनी सवयीने शिवणीत जाणारे दोन सेंटीमीटर वर धरले आणि सांगितलं, "चोवीस."

त्या दिवशी थोरल्या जाऊबाई खिडकीत बसल्या. दोन वर्षांनी आराम संपला, पण घरात आणखी मोठं माप कुणी कमावलं नव्हतं, त्यामुळे खिडकी त्यांच्याकडेच राहिली. काकू आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली गेल्या. रफू झालं की त्या कापड घेऊन पुढच्या खोलीत यायच्या आणि विचारायच्या, "ताई, दिसतंय का हो?" थोरल्या जाऊबाई ते खिडकीशी धरून म्हणायच्या, "छे. काही दिसत नाही." नऊ वर्षांत त्यांनी एकदाही वेगळं उत्तर दिलं नाही.

तर धाप. सुनेने एक दिवस सातव्या पायरीवर सासूला पकडलं, पिशवीत पाहिलं, तिच्यात काहीच नव्हतं, आणि तसंच त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरबाईंनी छातीवर थंडगार यंत्र फिरवलं, पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं, की हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या तोंडाशी असलेली झडप कडक झालीय, नीट उघडतच नाही. ती बदलावी लागेल.

ऑपरेशन हा शब्द ऐकून मापसाहेबांचा रंग उडाला. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र सुनेला जे दिसलं त्याला हसू म्हणावं की काय, हे तिला कळेना. काकूंच्या डोळ्यांपुढे खिडकी उभी राहिली होती.

"छाती उघडणार ना?" त्यांनी विचारलं. आवाजात आशा होती.

"नाही काकू, गरजच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या वयाला त्यापेक्षा हे बरं. जांघेत एक छोटंसं छिद्र करायचं. तिथल्या रक्तवाहिनीतून नळी हृदयापर्यंत न्यायची. नवी झडप मिटवून त्या नळीवर बसवलेली असते. जागेवर पोचली की उघडायची."

"आणि जुनी?"

"जुनी तिथेच राहते. नवी तिला कडेला दाबून तिच्या आत बसते."

"म्हणजे अस्तर लावणार," काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी क्षणभर विचार केला. "हो. अस्तरच."

"छिद्र केवढं?" मापसाहेबांनी खिशातून वही काढली.

"साधारण सहा मिलिमीटर."

काकूंचा चेहरा उतरला. त्या जरा पुढे सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दोन-तीन सेंटीमीटर तरी नाही का करता येणार?"

"काकू, लोक लहान करा म्हणून मागे लागतात!"

"मोठं केलंत तर माझी हरकत नाही, एवढंच सांगून ठेवते."

घरी थोरल्या जाऊबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "सहा मिलिमीटर?" त्या म्हणाल्या. "मुंगी चावली तरी याहून जास्त सुजतं." आणि त्यांनी पाठीमागची उशी जरा घट्ट करून घेतली.

ऑपरेशनच्या वेळी काकूंना पूर्ण झोपवलं नव्हतं. गुंगी होती, पण कान जागे होते. नळी चढताना काहीच कळलं नाही. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "काकू, आता हृदय थोडा वेळ जोरात पळवणार आहोत. घाबरू नका." आणि शिलाई मशीनचा पट्टा निसटला की चाक जसं रिकामंच गरगरतं, तसं छातीत झालं. दहा-बारा सेकंदांत पट्टा पुन्हा चढला.

"बसली!" कुणीतरी म्हणालं.

"वरून दिसत नाही ना?" काकूंनी गुंगीत विचारलं.

"अजिबात नाही."

"मेलं माझं नशीब," असं काकू म्हणाल्याचं तिथली नर्स पुढे बरेच दिवस सांगत असे.

काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवलं आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. काकू एकोणीस पायऱ्या चढल्या. सातव्या पायरीवर त्या सवयीने थांबल्या आणि पिशवीत हात घातला, तेव्हा लक्षात आलं की दम लागलेलाच नाही. आता शोधायचं तरी काय, या विचाराने त्या जरा गोंधळल्या आणि वर गेल्या. चढताना पाठीमागून मापसाहेब हातातल्या घड्याळावर वेळ मोजत होते. "पंचवीस सेकंद," ते म्हणाले, आणि मग कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी डोळे पुसले.

संध्याकाळपासून माणसं भेटायला येऊ लागली. फळं आली, बिस्किटं आली. प्रत्येकाचा प्रश्न एकच.

"कुठे कापलं काकू? बघू तरी."

आता जांघ काही दाखवायची जागा नव्हे. काकू म्हणायच्या, "कापलं नाही. लहानसं भोक आहे."

"कुठे?"

"आहे एका ठिकाणी."

माणसं एकमेकांकडे बघायची. फळांची पिशवी मांडीवर घट्ट धरायची. तेवढ्यात खिडकीतून आवाज यायचा, "इकडे या, मी दाखवते." थोरल्या जाऊबाई गळ्याची दोन बटणं सोडून बोटाने दाखवू लागायच्या, फळ्यावरच्या नकाशावर मास्तरांनी छडी फिरवावी तशा. "इथून कापलं. हे हाड. आत तारा आहेत अजून, थंडीत ओढतात." माणसं चकित व्हायची, हळहळायची आणि फळं त्यांच्या मांडीवर ठेवून निघून जायची. खालच्या औषधांच्या दुकानाची मालकीण तर जाताना काकूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका काकू. होईल तुमचंही मोठं कधीतरी."

सून ते ऐकून बाथरूममध्ये जाऊन हसली. काकूंना मात्र हसू येत नव्हतं.

पाचव्या दिवशी मोजणी झाली. मापसाहेबांनी स्टीलची पट्टी आणि भिंग आणलं, खोलीचं दार लावलं. भोक आपलं आपण बुजून गेलं होतं. आजूबाजूला मात्र हिरवट-जांभळा डाग पसरला होता.

"डाग मोजा," काकू म्हणाल्या. "अकरा सेंटीमीटर आहे. मी मोजलाय."

"डाग धरता येत नाही. सांडलेलं दूध कुणी मापात धरतं का?"

"मग शिवणीचे दोन तरी धरा."

"रफूला शिवण नसते, हे तूच सांगतेस सगळ्यांना."

मापसाहेबांनी डॉक्टरबाईंचा आकडा घेतला, दहाने भागला, आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "शून्य पूर्णांक सहा महिने. म्हणजे अठरा दिवस. खिडकी वहिनींकडेच."

"बाबा," सून म्हणाली, "मोठ्या सासूबाईंची खुर्ची जरा सरकवली तर दोघी नाही का बसणार?"

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने एका बुटात दोन पाय घालायला सांगितलं होतं.

"मला आराम नकोच आहे," काकू म्हणाल्या. "डॉक्टरबाई म्हणतात, चाला, हलकी कामं करा. मला उजेड हवाय."

"मी काय उजेड खाते का गं?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "तू कर आत बसून, मी देते ना बघून. आजवर कधी नाही म्हटलंय?"

अठरा दिवस संपले. एकोणिसाव्या दिवशी काकू ट्यूबलाइटखाली बसल्या. समोर वकिलाचा काळा कोट होता, कोपरावर रुपयाएवढं भोक. काळ्यावर काळं हे रफूतलं सगळ्यात अवघड काम. काकूंनी चिंधीतून धागा उपसला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. तो काळा होता की गडद निळा, की तपकिरी, देव जाणे. छातीत नवी झडप टकाटक उघडत-मिटत होती, जिना पंचवीस सेकंदांत चढता येत होता, आणि दोऱ्याचा रंग मात्र कळत नव्हता. नऊ वर्षांत पहिल्यांदा काकूंनी सुई खाली ठेवली आणि कोट घडी करून बाजूला सारला. "डॉक्टरबाईंकडे जाऊन आले की करीन," त्या म्हणाल्या. म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

महिन्याच्या तपासणीला सगळेच गेले, कारण थोरल्या जाऊबाईंची वर्षाची तपासणीही त्याच दिवशी होती. डॉक्टरबाईंनी काकूंना तपासलं. झडप छान बसलीय म्हणाल्या. मापसाहेबांचं लक्ष मात्र टेबलावर होतं. तिथे रुग्णांना दाखवायला ठेवलेली एक नळी वेटोळं घालून पडली होती.

"ही तीच का?"

"हो. अशीच होती."

मापसाहेबांनी टेप काढली, नळी उलगडली, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली. "एकशे दहा," ते म्हणाले. "ही सगळी आत गेली?"

"सगळी नाही हो. जांघेपासून हृदयापर्यंत. काकूंच्या उंचीला..." डॉक्टरबाईंनी अंदाज केला, "बासष्ट सेंटीमीटर धरा."

मापसाहेब खुर्चीत मटकन बसले. सुनेला वाटलं, आता यांनाच तपासायला घ्यावं लागणार.

"बरणीचं तोंड मोजलं मी," ते म्हणाले. "पोट मोजलंच नाही. बत्तीस वर्षं दुकानदारांना सांगत आलो, माप तोंडावर नसतं, खोलीत असतं. आणि घरात..." त्यांनी वही काढली, सहा मिलिमीटरवर काट मारली आणि बासष्ट लिहिलं. मग उभं राहून बायकोकडे पाहिलं. "चुकलं माझं. पाच वर्षं दोन महिने. आणि खिडकी."

काकूंनी पर्स बंद केली, खटकन.

"मग माझी सुरी किती खोल गेली?" थोरल्या जाऊबाई मागून म्हणाल्या. "ते नाही का धरायचं?"

डॉक्टरबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान डोलावली, म्हणजे सांगून टाका. "हाडाच्या मागेच हृदय असतं मावशी. सात-आठ सेंटीमीटर."

"आठ धरू," मापसाहेब उदारपणे म्हणाले. "चोवीस आणि आठ, बत्तीस."

बत्तीस म्हणजे बासष्ट नव्हे, एवढा हिशेब थोरल्या जाऊबाईंना येत होता. मग त्यांनी विचारलं, "माझी झडप झिजली तर? मला पण अशीच नळी घालता येईल?"

"येईल की. जुनीच्या आत नवी. पण सध्या गरज नाही, तुमची उत्तम चाललीय."

"नीट पाहिलंत?"

"नीट पाहिलं."

"नऊ वर्षं झाली. थोडीतरी झिजली असेल."

"मावशी, खरंच नाही."

थोरल्या जाऊबाईंनी आपले कागद गुंडाळून पिशवीत कोंबले. इतका अपमान त्यांचा छाती कापली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकी रिकामी केली. पाठीची उशी, पायाची उशी, गोळ्यांचा डबा, गुडघ्यावरची शाल, नऊ वर्षांतली वाचून झालेली मासिकं, एकेक वस्तू आतल्या खोलीत गेली. शेवटी त्या स्वतः गेल्या आणि ट्यूबलाइटखाली काकूंच्या जागी बसल्या.

काकू खुर्चीत बसल्या. उजेड मांडीवर पडला, पूर्वी पडायचा तसाच. त्यांनी वकिलाचा कोट उलगडला. कोपराचं भोक समोर होतं, पण नजर गेली खांद्याकडे. तिथे दोन वर्षांपूर्वी त्यांनीच रफू केलेलं होतं, आणि ते दिसत होतं. काळ्या कोटावर तपकिरी चौकोन, चांगला टपोरा, लिफाफ्यावर तिकीट चिकटवावं तसा.

काकूंनी डोळे चोळले. उठल्या, कपाटातून मापसाहेबांचा राखाडी कोट काढला. कॉलरवर निळं. बाहीवर हिरवट. सुनेचा स्वेटर काढला. त्याच्यावर तर मुंग्यांची रांगच चालली होती. नऊ वर्षांचं काम त्यांनी खिडकीत एकावर एक ठेवलं, आणि एकही जागा अशी नव्हती की जी दिसत नव्हती. मापसाहेब हा कोट घालून गावभर फिरले होते. वकील कोर्टात उभा राहिला होता. आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"ताई," काकूंनी हाक मारली. "जरा बाहेर या."

थोरल्या जाऊबाई आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे दिसत होतं तुम्हाला?"

"मला अजून मोतीबिंदू नाही."

"मग 'काही दिसत नाही' का म्हणायचात?"

थोरल्या जाऊबाईंनी शाल सारखी केली. "दिसतंय म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस उजेड नाही. आणि उजेड मागितला असतास." मग म्हणाल्या, "खिडकीत बसलं की येणारा-जाणारा विचारतो, कशा आहात. आत बसलं की कोण विचारतं? सकाळपासून आत आहे मी. कुणी पाणी हवंय का म्हणून विचारलं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. आतल्या खोलीत नऊ वर्षं आपल्यालाही कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते तिथेच ठेवलं. कात्री उचलून त्यांनी वकिलाच्या खांद्यावरचा तपकिरी चौकोन उसवायला घेतला.

"स्टूल आणा," त्या म्हणाल्या. "काळे आणि तपकिरी धागे वेगळे करून द्या मला. डोळे चांगले आहेत ना?"

"स्टूल? बत्तीस सेंटीमीटरची बाई मी, स्टूलवर बसू?"

"थांबा, थांबा," मापसाहेब टेप घेऊन आले. नियमात वाटणीचं कलम नव्हतं, पण मापात बसत असेल तर त्यांची हरकत नव्हती. त्यांनी खिडकीची चौकट मोजली. एकशे एकेचाळीस. बासष्टाला बत्तीस या प्रमाणात भाग पाडले, दोनदा तपासले आणि खडूने चौकटीवर रेघ ओढली. "हिचे त्र्याण्णव, वहिनींचे अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीसात स्टूल मावतं?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं.

"मावतं."

"आणि मी?"

मापसाहेबांनी टेप गुंडाळली. वहिनींना मोजणं तेव्हाही बरं दिसलं नसतं, आताही दिसलं नसतं. "बसून बघा," ते म्हणाले.

थोरल्या जाऊबाई बसल्या. निम्म्याच मावल्या, बाकीच्या रेघ ओलांडून काकूंच्या त्र्याण्णवात आल्या. मापसाहेबांनी रेघेकडे पाहिलं, मग आपल्या हातांवरच्या खडूकडे, आणि ते आत हात धुवायला गेले.

दुपारपर्यंत थोरल्या जाऊबाई धागे उजेडात धरून निवडत होत्या, काळे इकडे, तपकिरी तिकडे. काकू एक वर, एक खाली करत होत्या. खांदा झाला, तेव्हा त्यांनी दोरा दाताने तोडला आणि कोट शेजारी सरकवला.

"दिसतंय का हो, ताई?"

थोरल्या जाऊबाईंनी कोट खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला, तिरका केला.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "इथे कोपऱ्यात, दोन धागे."

काकूंनी चष्मा पुसला, कोट परत घेतला आणि ते दोन धागे उसवले.